अक्कांचं पिवळं फडकं

अक्का एका शिवणकामाच्या कारखान्यात सव्वीस वर्षं मशिनं दुरुस्त करत होत्या. एकाच हॉलमध्ये दीडशे मशिनं. दार उघडलं की आवाज अंगावरच यायचा, आणि नवा माणूस आत शिरला की आधी दोन्ही कान झाकायचा. अक्का मात्र त्या गदारोळात उभ्या राहून मान जराशी कलती करायच्या आणि म्हणायच्या, "तिसऱ्या रांगेतली पाचवी. पट्टा सैल झालाय तिचा." कुणी जाऊन बघावं, तर खरंच सैल. बायका त्यांना डॉक्टरीणबाई म्हणायच्या. देव एखाद्याला गळा देतो, एखाद्याच्या हाताला चव देतो. अक्कांना त्याने कान दिले होते, आणि ही गोष्ट खुद्द अक्कांनाच ठाऊक नव्हती. त्यांना वाटायचं, सगळ्यांनाच एवढं ऐकू येतं. लोक लक्ष देत नाहीत, इतकंच.

दुरुस्तीची त्यांची एक पद्धत होती. दुखणाईत मशीन डाव्या हाताला घ्यायचं आणि तसंच एक धडधाकट मशीन उजव्या हाताला. दोन्ही एका वेगाला बांधून चालू करायची आणि ऐकत बसायचं. सुरुवातीला दोघींचे ठोके एकमेकींच्या मागेपुढे धावायचे, अडखळायचे, एकमेकींच्या पायात पाय घालायचे. अक्का डावीचा पट्टा आवळायच्या, स्क्रू अर्धा फेरा फिरवायच्या, पुन्हा ऐकायच्या. उजवीला बोटसुद्धा लावायच्या नाहीत; जी बरी आहे तिला कशाला छेडायचं? असं करता करता एक क्षण यायचा, की इथे दोन मशिनं चालली आहेत हेच ऐकू येईनासं व्हायचं. एकच ठोका उरायचा. मग अक्का उठायच्या. तोवर त्या मशीनवर कुणी येऊन बसू नये म्हणून तिच्यावर एक पिवळं फडकं टाकलेलं असायचं. फडकं दिसलं की हात लावायचा नाही, हे कारखान्यात झाडूवालीपासून मालकापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

मग कारखान्यात नवी मशिनं आली. त्यांचं काय दुखतं ते ती स्वतःच छोट्या पडद्यावर लिहून दाखवतात. अक्कांना हार, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ देऊन निरोप दिला गेला. वय बावन्न. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी मागच्या खोलीत राहायच्या.

घरात त्यांना काही कमी नव्हतं. पण भावजयीने एक गोष्ट पाहिली होती आणि कुणाला सांगितली नव्हती. सकाळी सहाला उठून अक्का आंघोळ करायच्या, केस विंचरायच्या, पर्स खांद्याला लावायच्या, दारापर्यंत जायच्या. तिथे थोडा वेळ उभ्या राहायच्या. मग पर्स पुन्हा खुंटीला. रिकामा वेळ अक्कांना जाचत नव्हता. घरात कामं पुष्कळ होती. कुठेतरी कुणी आपली वाट बघत नाही, हे त्यांना जाचत होतं.

त्या मागच्या खोलीत भाचीचं एक यंत्र धूळ खात पडलं होतं. भावाची ही मुलगी नोकरीसाठी लांब गेली, तिचे छंद मात्र घरातच राहिले. त्यातलाच हा डीजेचा कंट्रोलर. म्हणजे एक रुंद पाटी, तिच्यावर दोन फिरत्या चकत्या, बटणं, वरखाली सरकणाऱ्या पट्ट्या. वायरने लॅपटॉपला जोडला की चालतो, नाहीतर नुसतं ओझं. फोनवर भाची म्हणाली, "आत्या, तुला हवा तर तू वाजव."

"मला काय त्यातलं कळतं?"

"मशीनच आहे ना गं."

एवढं ऐकलं आणि अक्कांनी त्या दिवशीच ते उघडून पुसून काढलं.

वर्षभर त्या शिकल्या. लॅपटॉपवर प्रत्येक गाण्याची एक रंगीत लाट दिसायची, निळी-तांबडी, डोंगरांच्या रांगेसारखी. दोन लाटा एकाखाली एक आल्या की जुळवणीचं बटण दाबायचं. गाणी आपोआप एका वेगात यायची आणि एकातून दुसरं बेमालूम निघायचं. भाऊ म्हणायचा, "अक्का, शेजारी विचारतायत, तुमच्याकडे गिरणी घातली का?" भावजय डोळे मिटून नामस्मरणाला बसायची. ती हसून म्हणायची, "मला काही त्रास नाही हो. फक्त नाव आता त्या ठोक्यावर निघतं, आणि पूर्वीपेक्षा लवकर उरकतं."

मग एक दिवस तिनेच बातमी आणली. वाचनालयाच्या मागे एक मोठा हॉल आहे, लाकडी जमिनीचा. दर रविवारी दुपारी तीन ते पाच तिथे कुणीही यावं, नाचावं आणि घरी जावं. तिथल्या फळ्यावर चिठ्ठी होती: दुपारसाठी गाणी लावणारं माणूस पाहिजे.

हॉलची यंत्रणा सांभाळणारा साउंडवाला हा साठीचा, कमी बोलणारा, कानावर पेन्सिल खोचलेला माणूस. त्याने अक्कांना खालून वरपर्यंत पाहिलं.

"किती वर्षं वाजवताय?"

"एक."

"आणि त्याआधी?"

"मशिनं दुरुस्त करायचे. शिवणाची."

"बरं," तो म्हणाला, जणू रोज दोन-तीन तशा येत असाव्यात. "इथे लॅपटॉप आणायचा नाही. मागे एकाचा ऐन मध्यात बंद पडला. ऐंशी माणसं एक पाय वर धरून उभी! गाणी पेनड्राइव्हच्या स्टिकमध्ये भरून आणा आणि हॉलच्या पेट्यांवर, डेकवर, वाजवा. पहिल्या रविवारी शेवटचा एक तास तुमचा. लोक नाचत राहिले तर दर महिन्याचा पहिला रविवार तुम्हाला. भिंतीला टेकून बसले, तर चहा पिऊ आणि आपापल्या घरी जाऊ."

अक्का घरी आल्या त्या जवळजवळ पळतच. महिन्यातून एकदा का होईना, तीन वाजता कुणीतरी दाराकडे बघून म्हणेल, आल्या नाहीत का अजून? त्यांना तेवढं पुरे होतं.

सरावाला त्यांना दोन बुधवार मिळाले. पहिल्या बुधवारी डेकने स्टिक वाचायलाच नकार दिला. "स्टिक कोरी करताना पद्धत चुकलीय," साउंडवाला म्हणाला. "हे डेक जुने आहेत. यांना जुन्या पद्धतीचंच लागतं." तो तास पाण्यात गेला. संध्याकाळी भाचीने फोनवरून एकेक पायरी सांगितली, अक्कांनी स्टिक नव्याने कोरी केली आणि सगळी गाणी पुन्हा भरली.

दुसऱ्या बुधवारी डेकने स्टिक घेतली, आणि अक्कांनी पहिल्यांदा ते डेक नीट पाहिले. दोन काळ्या जड पेट्या, प्रत्येकीवर एक चकती, मध्ये दोघींचे आवाज कमीजास्त करणारा मिक्सर. तिघांमध्ये लॅपटॉप नाही की त्याची वायर नाही. प्रत्येक डेक आपल्या जागी स्वतंत्र, आपलं गाणं आपण वाचणारा, आपला वेग आपण धरणारा. घरची पाटी म्हणजे एका डोक्याने चालणारे दोन हात होते. इथे दोन वेगळे जीव शेजारी बसले होते आणि एकाला दुसऱ्याची खबरही नव्हती. अक्कांनी एका डेकच्या कडेवर हात ठेवला. गार, घट्ट. मशिनच्या डोक्यावर ठेवल्यासारखाच.

मग त्यांनी पडदा पाहिला. बोटभर पडदा. गाण्याचं नाव, उरलेली मिनिटं, वेगाचा एक आकडा. लाटा नाहीत, डोंगर नाहीत. आकडाही भरवशाचा नव्हता. त्याच गाण्याला एकदा एकशे वीस म्हणाला, एकदा साठ.

"जुळवणीचं बटण कुठे आहे?"

"ते?" साउंडवाला जमिनीवर बसून वायरीला पट्टी गुंडाळत होता. त्याने मान वर केली नाही. "ते घरून आणायचं असतं."

अक्कांनी हेडफोन लावला, एका कानावर. त्या कानात येणारं गाणं, मोकळ्या कानात हॉलमध्ये वाजणारं. आणि दोन्ही कानांच्या मधे, डोक्याच्या बरोबर मध्यावर, ठोके एकमेकांच्या मागेपुढे धावायला लागले. अडखळत, एकमेकांच्या पायात पाय घालत.

अक्का थबकल्या. हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता. सव्वीस वर्षं ऐकलेला.

त्यांनी डोळे मिटले. डाव्या डेकच्या कडेला वेगाची उभी पट्टी होती. ती केसभर खाली सरकवली. मागे पडलं. परत अर्धा केस वर. चकतीला बोटाने जरासं पुढे ढकललं, जसं झोपलेल्या मुलाला कुशीवर वळवावं. ठोके जवळ आले. आणखी जवळ. आणि मग दोन गाणी आहेत हेच ऐकू येईनासं झालं. एकच काहीतरी मोठं, रुंद, हॉलभर पसरलेलं चालू होतं, आणि अक्का त्याच्या काठावर उभ्या होत्या.

साउंडवाल्याची पट्टी हातातच राहिली होती. "परत करा," तो म्हणाला.

अक्कांनी परत केलं.

"रविवारी या." आणि तो पुन्हा वायरीकडे वळला.

त्या दिवशी जेवताना अक्कांचा घास हातातच राहिला. "अगं," त्या भावजयीला म्हणाल्या, "दोन गाण्यांचं एक झालं. हात माझाच होता, पण मी केलं असं वाटेना. झालं, आणि मी तिथे होते, एवढंच."

"तसंच असतं ते, अक्का," भावजय म्हणाली. "डोळे मिटून बसते ना मी, तेव्हाही होतं तसं. वर्षातून दोनदा."

"दोनदाच?"

"बाकीचे दिवस मन दूध उतू गेलं का बघत असतं."

भाऊ ताटावरून म्हणाला, "म्हणजे तुम्हा दोघींचं एकच खातं निघालं की!" पण तोही त्या रात्री अक्कांकडे जरा वेगळ्या नजरेने बघत होता.

रविवारी हॉल भरला होता. एक निवृत्त पोस्टमन आणि त्याची बायको. तिच्या खांद्याला त्याचं डोकं कसंबसं पोचत होतं. ड्यूटी संपवून आलेली नर्स, पायात अजून पांढरे बूट. एकसारख्या नाकाच्या तिघी बहिणी. कडेवर मूल घेतलेली एक तरुण आई, एक गलेलठ्ठ न्हावी, आणखी कितीतरी. तीन ते चार साउंडवाल्याने स्वतःच गाणी लावली. चार वाजता तो बाजूला झाला आणि त्याने अक्कांना नुसती मान हलवून खूण केली. भाऊ आणि भावजय शेवटच्या रांगेत खुर्च्यांवर बसले होते.

पहिलं गाणं अक्कांनी उजव्या डेकवर लावलं, सवयीने. दुसरं डावीकडे. हेडफोनमध्ये डावं मागे पडत होतं; पट्टी केसभर वर, चकती जरा पुढे, जुळलं. मिक्सरवर हळूहळू डावं वर, उजवं खाली. लोकांना कळलंही नाही. नर्सने नाचता नाचता टाळी वाजवली. अक्कांना वाटलं, एवढंच तर होतं.

तिसरं गाणं उजवीकडे भरलं. हेडफोनमध्ये ते किंचित पुढे पळत होतं. अक्कांनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि त्यांचा डावा हात डाव्या पट्टीवर गेला. सव्वीस वर्षं तो तिथेच गेला होता. बिघाड डावीकडे, हात लावायचा तो डावीलाच. त्यांनी पट्टी वर ढकलली, जास्त झाली म्हणून झटकन खाली ओढली.

पण डावं गाणं तर हॉलमध्ये वाजत होतं.

आधी ते धाप लागल्यासारखं धावलं, मग चावी संपत आलेल्या खेळण्यासारखं लांबलं, खोल गेलं. पोस्टमनचा पाय हवेत राहिला. न्हावी बहिणींवर आदळला. कुणीतरी खो खो हसलं, कडेवरचं मूल रडायला लागलं. अक्कांनी पट्टी जागेवर आणेपर्यंत तिघी बहिणी खुर्च्यांकडे निघाल्या होत्या. त्यांच्या मागे आणखी दोघं, मग आणखीही बरेच. साउंडवाला भिंतीपासून एक पाऊल पुढे आला आणि थांबला. शेवटच्या रांगेत भावजयीने डोळे मिटून घेतले. ती काय मागत होती ते सांगायला नको.

कानात उजवं गाणं अजून पळतच होतं. हाताला परत तेच करावंसं वाटत होतं. तो हात त्यांच्या आज्ञेत नव्हता, त्या डाव्या-उजव्याच्या आज्ञेत होता. आणि तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. कारखान्यात बरी ती कायम बरी आणि दुखणाईत ती बरी होईपर्यंत दुखणाईत. इथे तसं नाही. इथे जी लोकांना नाचवते आहे ती धडधाकट, आणि कानात जी आहे तिचा इलाज चाललेला. पुढच्या गाण्याला अदलाबदल. त्याच्या पुढच्याला परत. कुणाचीच जागा ठरलेली नाही, दोघींनी आळीपाळीने एकमेकींना सावरायचं आहे. असं काही त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. त्या घाबरगुंडीतही त्यांना क्षणभर त्याचं नवल वाटून गेलं.

त्यांनी पर्स उघडली. धूळ पुसायला म्हणून टाकलेलं पिवळं फडकं वरच होतं. त्यांनी त्याची घडी केली आणि डाव्या डेकच्या वेगाच्या पट्टीवर ठेवली, हॉलमध्ये वाजणाऱ्या डेकवर. फडकं दिसलं की हात लावायचा नाही.

हात पुन्हा डावीकडे निघाला. पिवळ्याशी पोचला आणि आपोआप मागे फिरला. वळला उजवीकडे. पट्टी केसभर खाली. ठोके जवळ आले. अर्धा केस. आले, आले. अक्कांनी मिक्सरवर उजवं वर घेतलं. मग फडकं उचललं आणि उजवीकडे ठेवलं. आता हिला हात नाही.

चौथ्या गाण्याला पोस्टमन बायकोसोबत परत नाचायला लागला. तो मुळात माघारी गेलाच नव्हता म्हणे, नुसता एका पायावर उभा होता. पाचव्याला बहिणी उठल्या. फडकं डावीकडे, फडकं उजवीकडे. सहाव्या-सातव्या गाण्यानंतर अक्कांना फडकं हलवल्याचंही कळेना; जुन्या कामाचा हात नव्या कामाला लागला होता. त्यांनी मान वर केली तीच मुळी तेव्हा, जेव्हा खालून एक आवाज यायला लागला.

तो स्पीकरमधून येत नव्हता. तो जमिनीतून येत होता. पन्नास माणसांची शंभर पावलं लाकडावर एकाच वेळी पडत होती. पोस्टमनचे झिजलेले बूट, नर्सचे पांढरे, न्हाव्याचे जाडजूड. वेगवेगळी वजनं, वेगवेगळी वयं, घरी प्रत्येकाचं काही ना काही दुखत असणार. पण ठोका एक. टेबलातून तो अक्कांच्या तळहातात चढला, तिथून कोपरापर्यंत. कारखान्यात दीडशे मशिनं होती, आणि सव्वीस वर्षांत ती सगळी एका ठोक्यात चालताना त्यांनी कधी ऐकली नव्हती. दोन जुळायची, फार तर तीन. त्यांना वाटायचं, त्याहून जास्त जुळतच नाहीत. देवाने तेवढंच ठेवलंय. आणि इथे शंभर. कुणी पट्टा आवळला नव्हता, कुणी स्क्रू फिरवला नव्हता. पावलं आपली आपणच आली होती.

अक्कांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. शेवटच्या रांगेत भावजय डोळे उघडून बघत होती. बघता बघता उभी राहिली. भाऊ म्हणाला, "अगं, तू कुठे निघालीस?" ती निघाली कुठेच नव्हती. तिथेच उभी राहून, पदर सावरून, एका पायाने ठोका देत होती.

पाच वाजता शेवटचं गाणं संपलं. मग सगळे एकदम बोलायला लागले. पोस्टमन जाता जाता टेबलाशी थांबला. "बाई, मघाशी माझा पाय हवेत ठेवलात तुम्ही. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय माझं."

"चुकलंच हो," अक्का म्हणाल्या.

"चुकलं कसलं! एवढा वेळ एका पायावर मी लग्नानंतर पहिल्यांदाच उभा राहिलो." त्याच्या बायकोने त्याला दंडाला धरून नेलं.

हॉल रिकामा झाला. साउंडवाला वायरी गुंडाळायला लागला. अक्का पदराने हेडफोन पुसत राहिल्या; तो पुसून केव्हाच झाला होता. आपल्याला काय सांगितलं जाणार आहे ते त्यांना कळेना आणि विचारायचा धीर होईना.

"तिसऱ्या गाण्याला गडबड झाली," तो म्हणाला.

"हो."

"सोळा माणसं बसली. मोजली मी."

"हो."

"नंतर उठली." त्याने वायर खुंटीला अडकवली. मग डाव्या डेकवर राहिलेल्या पिवळ्या घडीकडे बोट केलं. "ते घरी नेणार, की इथेच ठेवायचं?"

अक्कांनी फडक्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

"इथे एखादा खिळा आहे का?"

त्याने हत्यारांच्या पेटीतून खिळा काढला, हातोडी काढली आणि टेबलाच्या मागच्या भिंतीशी जाऊन अंदाज घ्यायला लागला.

"द्या इकडे," अक्का म्हणाल्या. "तुम्ही वाकडा ठोकाल."